तोच मुलगा का?

एका वर्गात तीस-चाळीस मुलं असतात. त्यातल्या एकाचाच डबा मधल्या सुट्टीत पळवला जातो, त्याच्याच पाठीला कागद चिकटवला जातो, खेळाचे गडी वाटताना त्यालाच कुणी आपल्या बाजूला घेत नाही. का? याचं उत्तर प्रत्येक शाळेत तयार असतं. तो जाडा आहे म्हणून. तिला जाड भिंगांचा चष्मा आहे म्हणून. तो अडखळत बोलतो, तिचे दात पुढे आहेत, त्याचा शर्ट थोरल्या भावाचा आहे. हे उत्तर इतकं सहज पटतं, की ते तपासून बघावं असं पिढ्यान्‌पिढ्या कुणाला वाटलं नाही. तपासलं गेलं ते 1970 नंतर, स्वीडनमध्ये. तपासल्यावर ते टिकलं नाही, आणि त्याच्या जागी दुसरं उत्तर सापडायला पुढची चाळीस वर्षं लागली.

या विषयावर पहिला आवाज उठवला तो एका बापानं. पीटर-पॉल हाइनेमान हे स्वीडनमधले डॉक्टर. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णीय होता, आणि आसपासची मुलं त्याला जी वागणूक देत होती ती पाहून 1969 साली त्यांनी एका मासिकात लेख लिहिला. मुलांची टोळी एकाला घेरते, हिणवते, हाकलून लावते, आणि मोठी माणसं त्याला पोरखेळ म्हणतात. ही हिंसा आहे, असं त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. 1972 मध्ये याच विषयावर त्यांचं पुस्तक आलं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी कळपानं मिळून एखाद्यावर तुटून पडणाऱ्या प्राण्यांविषयी लिहिलं होतं. हाइनेमान यांना शाळेच्या पटांगणावर तोच कळप दिसला.

स्वीडनमध्ये चर्चा पेटली. पण तावातावानं बोलणाऱ्यांपैकी कुणाकडेही मोजमाप नव्हतं. अशी किती मुलं आहेत? छळ नक्की कोण करतं? एकच मूल वर्षानुवर्षं सोसतं, की आज हा, उद्या तो अशी पाळी फिरते? हाइनेमान यांच्या चित्रातल्या कळपाला चेहरे नव्हते. सगळा वर्ग एका बाजूला आणि एक मूल दुसऱ्या बाजूला, एवढंच त्यात होतं. डान ऑल्व्हेउस यांना हे चित्र पटेना.

ऑल्व्हेउस 1931 साली स्वीडनमधल्या काल्मार गावी जन्मले, मानसशास्त्र शिकले आणि 1970 साली नॉर्वेतल्या बर्गनला गेले. मुलांमधली आक्रमकता हा त्यांचा विषय होता. त्यांनी स्टॉकहोम परिसरातल्या शाळांतले सहावी ते आठवीचे सुमारे 900 मुलगे घेतले. शिक्षकांना विचारलं, वर्गातल्या मुलांना विचारलं, घरच्यांशी बोलले. सतत सोसणारे कोण, छळणारे कोण आणि दोन्हींत नसलेले कोण, असे गट पाडले. मग या गटांची एकमेकांशी तुलना केली. 1973 मध्ये त्यांचं पुस्तक स्वीडनमध्ये निघालं, 1978 मध्ये ते इंग्रजीत आलं.

पहिल्या झटक्यातच कळपाचं चित्र विस्कटलं. बहुतेक वर्गांत छळ करणारी दोन-तीनच मुलं होती, आणि त्यांची नावं सगळ्या वर्गाला ठाऊक होती. सोसणाराही दर आठवड्याला बदलत नव्हता. सहावीत जो मार खात होता तो वर्षभरानंतरही खात होता. तीन वर्षांनी, बाई बदलल्या, सर बदलले, तरी बऱ्याच वेळा तोच. ‘मुलं आहेत, आज भांडतील, उद्या एकत्र खेळतील’ हे वाक्य आपण किती बेफिकिरीनं बोलतो! ज्यांना ते सांगितलं जातं त्या मुलांचा ‘उद्या’ तीन-तीन वर्षं उजाडलेला नव्हता.

मग ऑल्व्हेउस त्या तयार उत्तराकडे वळले. लोक म्हणायचे, जाड मुलं, लाल केसांची, चष्म्याची, वेगळ्या बोलीत बोलणारी मुलं बळी पडतात. त्यांनी अशा 14 बाह्य गोष्टींची यादी केली आणि त्या कोणत्या मुलात आहेत हे शिक्षकांकडून नोंदवून घेतलं. त्यांनी पुढे केलं ते तसं साधंच होतं, पण आजवर ते कुणी केलं नव्हतं. ज्यांना कुणीही त्रास देत नव्हतं अशा मुलांच्याही याच 14 गोष्टी त्यांनी तपासल्या.

दोन्ही गटांत फरक निघाला नाही.

हे कसं झालं असेल, यावर थोडं थांबून विचार करायला हवा, कारण आपणही रोज असंच फसतो. एखादं मूल रडत घरी येतं. आई, बाबा, वर्गशिक्षिका, सगळ्यांची नजर त्याच्यावर जाते आणि ‘हे याच्याच वाट्याला का’ म्हणून त्याच्यात काहीतरी शोधू लागते. शोधल्यावर काहीतरी सापडतंच, कारण प्रत्येक मुलात काही ना काही वेगळं असतं. कान मोठे असतात, आवाज बारीक असतो, नाव जुन्या वळणाचं असतं. छळणारी मुलंही नेमकं तेच पकडतात आणि त्यावरून चिडवतात. ‘ए ढापण्या’ ही हाक ऐकली की ऐकणाऱ्याला वाटतं, चष्म्यामुळेच हे चाललंय. त्याच वर्गात चष्मा लावणारी आणखी चार मुलं मजेत हुंदडत असतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्यांची तक्रारच नसते. चष्मा हे छळणाऱ्याच्या हातातलं हत्यार होतं आणि सगळे त्याला छळाचं कारण समजत होते.

बाकीची तयार उत्तरंही एकेक करून पडली. मोठ्या वर्गांत, मोठ्या शाळांत हे जास्त होतं? नाही. गुणांची चढाओढ, नापास होण्याची चीड यातून मुलं दुसऱ्यावर राग काढतात? सहावी ते नववी याच मुलांचा मागोवा घेऊन ऑल्व्हेउस यांनी तेही तपासलं. आधार मिळाला नाही. दादागिरी करणारा मुलगा आतून घाबरलेला, न्यूनगंडानं पछाडलेला असतो, हे तर मोठ्या माणसांचं फार आवडतं मत. त्यासाठी प्रश्नावल्यांपलीकडे जाऊन शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकांचीही मापं घेतली गेली. त्या मुलांत भीती नेहमीपेक्षा कमीच निघाली आणि स्वतःविषयीचं मत बऱ्यापैकी चांगलं.

मग फरक कुठे होता? अंगातल्या ताकदीत होता. सोसणारे मुलगे सरासरीपेक्षा अशक्त होते, छळणारे दणकट. त्याहून मोठा फरक स्वभावात होता. सोसणारी मुलं बहुधा हळवी, गप्प, सावध होती. अंगावर कुणी आलं तर ती रडत किंवा मागे सरत, आणि स्वतःला कमी लेखत. थोडी मुलं वेगळ्या तऱ्हेची होती. ती चुळबुळी, चटकन तापणारी, सगळ्या वर्गाला वैताग आणणारी होती, पण बळी तीही होतीच. आणि या सगळ्या नोंदींत एक वाक्य असं होतं, की ज्याचं खरं मोल कळायला पुढे बराच काळ गेला. या मुलांना वर्गात बहुधा एकही चांगला मित्र नव्हता.

हा शोध हाताळायला अवघड होता. ‘मूल भित्रं होतं म्हणून त्याला छळलं’ असं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं, ‘मग त्यानं धीट व्हावं.’ आपल्याकडे तर ते रोज ऐकू येतं: तू लक्ष देऊ नकोस, तूही एक ठेवून दे, मुलीसारखा रडतोस काय. मला हा सल्ला क्रूर वाटतो. ज्याच्याकडे प्रतिकाराचं बळ नाही म्हणूनच ज्याला निवडलं गेलं, त्याच्यावरच प्रतिकाराची सगळी जबाबदारी टाकायची! ऑल्व्हेउस यांनी छळाची जी व्याख्या केली तिच्यात याला वाव ठेवला नव्हता. जाणूनबुजून दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला त्रास, आणि तोही बळ असमान असताना, म्हणजे सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं कठीण असताना, त्यालाच ते छळ म्हणत. बरोबरीच्या दोघांचं भांडण त्यात येत नव्हतं. शाळेत अशा जाचापासून सुरक्षित असणं हा मुलाचा हक्क आहे आणि तो कायद्यात असला पाहिजे, असं त्यांनी 1981 सालीच मांडलं. तो कायदा यायला 1990 नंतरचं दशक उजाडलं.

सरकारं हलली ती एका दुःखद बातमीनं. 1982 च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातल्या तीन मुलांनी आपलं जीवन संपवल्याचं वृत्तपत्रांत छापून आलं. मुलं 10 ते 14 वर्षांची होती आणि त्यामागे शाळेतला छळ असावा असं दिसत होतं. देश हादरला. 1983 च्या शरद ऋतूत शिक्षण मंत्रालयानं देशभर मोहीम हाती घेतली आणि ऑल्व्हेउस यांची प्रश्नावली शाळाशाळांत गेली. तिच्यावर नाव लिहायचं नव्हतं. 715 शाळांतल्या 1,30,000 मुलांच्या उत्तरांचा हिशेब झाला. सुमारे 9 टक्के मुलं छळ सोसत होती, 7 टक्के छळ करत होती. दोन्ही मिळून दर सात मुलांमागे एक. मोठ्या शहरांची ही कीड आहे, खेड्यांत असलं काही नसतं, हा समजही तिथेच संपला. शहरांतले आकडे खेड्यांइतकेच, किंबहुना किंचित कमी होते. शाळेच्या वाटेवर जेवढी मुलं गाठली जात होती त्याच्या दुपटीहून अधिक प्रत्यक्ष शाळेच्या आवारात गाठली जात होती, मोठी माणसं हाकेच्या अंतरावर असताना.

पुढे बर्गनमधल्या 42 शाळांत, सुमारे 2,500 मुलांबरोबर ऑल्व्हेउस यांनी उपाय करून पाहिले. वर्गाचे स्पष्ट नियम, सुट्टीत मोठ्यांची नीट देखरेख, छळणाऱ्याशी आणि त्याच्या पालकांशी थेट बोलणं, अशा गोष्टी होत्या. दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शाळेतला छळ हा निसर्गनियम नाही, याचा हा पहिला मोठा पुरावा होता.

पण एक गाठ सुटली नव्हती. सोसणारी मुलं भित्री असतात हे दिसलं. पण ती भित्री होती म्हणून छळ झाला, की छळ होऊन होऊन ती भित्री झाली? तीन वर्षं रोज टपल्या खाल्लेलं मूल खांदे पाडून चालणारच. याचा निवाडा आधीच एकमेकांना ओळखणाऱ्या वर्गात होणं शक्य नव्हतं. एकमेकांना कधीही न भेटलेली मुलं हवी होती.

अमेरिकेत डेव्हिड श्वार्ट्झ, केनेथ डॉज आणि जॉन कोई यांनी तशीच व्यवस्था केली. सहा आणि आठ वर्षांचे मुलगे घेतले, एकमेकांना अनोळखी. सहासहांचे 30 गट केले. प्रत्येक गटाला पाच दिवस ओळीनं, रोज 45 मिनिटं एकत्र खेळायला सोडलं आणि सगळं चित्रित केलं. पहिल्या दिवशी कुणाची कसलीही कीर्ती नव्हती. पाचव्या दिवसापर्यंत काही गटांत कुणीतरी एक जण ठरून गेला होता, ज्याला सगळे ढकलत होते.

चित्रफिती मागे नेऊन पाहिल्या तेव्हा जे दिसलं ते 1993 साली छापून आलं. पुढे बळी ठरलेली मुलं पहिल्या दोन दिवसांतच वेगळी दिसत होती, आणि तेव्हा त्यांना इतरांपेक्षा जास्त त्रास अजून सुरूही झालेला नव्हता. ती स्वतःहून काही मागत नव्हती, ‘आपण हे खेळूया’ असं सुचवत नव्हती. कुणी खेळणं मागितलं की देऊन टाकत होती. खेळीमेळीच्या क्षणीही दुसऱ्याचं म्हणणं लगेच मान्य करत होती. इतर मुलांनी ते हेरलं. पहिल्यांदा ओरबाडलेलं खेळणं विनासायास मिळालं, म्हणून दुसऱ्यांदा ओरबाडलं. दिवस गेले तशी या मुलांविषयीची बाकीच्यांची नावड वाढत गेली आणि धक्केही वाढले. सहा वर्षांच्या पोरांच्या खोलीत अवघ्या काही तासांत शिकार ठरत होती, आणि सुरुवात द्वेषानं झालेली नव्हती. इथे ओढलं तर मिळतं, एवढंच कुणाला तरी कळलं होतं.

कोंबडी आधी की अंडं, याचं उत्तर मिळालं: बऱ्याच मुलांच्या बाबतीत स्वभाव आधी होता आणि छळ नंतर. इथे शोध थांबला असता तर तो फार उदास शेवट झाला असता. मूल जन्मतः हळवं, म्हणून त्याच्या नशिबी हे. पण त्याच सुमारास कॅनडात आणि फिनलंडमध्ये कॅमेऱ्याचा आणि प्रश्नांचा रोख बदलला होता. आजवर सगळ्यांनी सोसणाऱ्याकडे आणि छळणाऱ्याकडे पाहिलं होतं. आता कुणीतरी त्यांच्या भोवती उभ्या असलेल्यांकडे पाहत होतं.

टोरोंटोत डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी मुलांच्या अंगावर लहानसे बिनतारी मायक्रोफोन लावले आणि मैदान दुरून कॅमेऱ्यानं टिपलं. जवळ मोठं माणूस नाही, त्यामुळे मुलं जशी असतात तशीच वागत होती. छळाचा एकेक प्रसंग सरासरी चाळीस सेकंदांचाही नव्हता. एक ढकलणं, एक शिवी, टोपी उडवणं, हशा, की संपलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईंची मान वळेपर्यंत सगळे पांगलेले. शिक्षकांनी मध्ये पडल्याचे प्रसंग शंभरात चारच्या आसपास निघाले. ‘आमच्या शाळेत असं काही होत नाही’ असं शिक्षक मनापासून का सांगतात, ते या आकड्यावरून कळतं. त्यांना खरंच दिसलेलं नसतं.

मुलांना मात्र दिसत होतं. शंभरात 88 प्रसंगांत दुसरी मुलं तिथे हजर होती. त्यांचा निम्म्याहून जास्त वेळ नुसतं बघण्यात गेला होता. पाचातल्या जेमतेम एका प्रसंगात कुणीतरी मध्ये पडलं होतं. आणि जेव्हा एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, 57 टक्के, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वर जाऊन तपासला. दहा सेकंद! पोलीस नाहीत, मुख्याध्यापक नाहीत, शिक्षा नाही. एका पोरानं ‘ए, सोड त्याला’ म्हणावं आणि ते सुटावं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात ख्रिस्तिना सालमिवाल्ली आणि त्यांचे सहकारी याच गोष्टीच्या मागे होते. त्यांनी सहावीतल्या 573 मुलांना आपल्या वर्गातल्या प्रत्येकाविषयी विचारलं: कुणाची छेड काढली जात असताना हा काय करतो, ही काय करते? 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छळाचे म्होरके शंभरात आठच. त्यांचे हस्तक, म्हणजे पकडून ठेवणारे, सातच्या आसपास. पण हसणारे, भोवती जमणारे, ‘अजून एक दे’ म्हणणारे जवळजवळ वीस. मुकाट्यानं बाजूला सरणारे चोवीसच्या घरात. सोसणाऱ्याची बाजू घेणारे सतरा. हाइनेमान यांनी पाहिलेला कळप परत आला होता, पण या वेळी त्यातल्या प्रत्येकाला चेहरा होता आणि प्रत्येकाची भूमिका लिहिलेली होती. स्वतःविषयी विचारलं तेव्हा मुलांनी आपला छळातला सहभाग कमी करून सांगितला आणि मदत केल्याचं वाढवून सांगितलं. म्हणजे चांगलं काय, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

आता ऑल्व्हेउस यांच्या नोंदीतल्या त्या वाक्याला अर्थ आला. कॅनडात अर्नेस्ट हॉजेस आणि सहकाऱ्यांनी 393 मुलांना वर्षभरानं पुन्हा गाठलं. मनानं खचलेली, घाबरट मुलं पुढे जास्त छळली जातात हे त्यांनाही दिसलं. पण पाठीशी उभा राहणारा एक जवळचा मित्र ज्यांना होता, त्यांच्या बाबतीत हा धागा सैल पडत होता. स्वभाव तोच होता, भीतीही तीच होती, तरी फळ वेगळं मिळत होतं.

सगळ्यांत निर्णायक पुरावा 2010 साली आला. आन्टी कार्ना, सालमिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या 378 वर्गांतली तिसरी ते पाचवीची 6,980 मुलं तपासली. बुजरी मुलं आणि इतरांना नकोशी असलेली मुलं सगळ्याच वर्गांत होती. पण काही वर्गांत अशा मुलांचे हाल होत होते आणि काही वर्गांत त्यामानानं ती सुखानं शिकत होती. जिथे हसून साथ देणारे जास्त आणि बाजू घेणारे कमी, तिथे बुजरेपणाची किंमत जबर होती. जिथे उलट, तिथे बुजरेपणा हा नुसता स्वभाव राहत होता. म्हणजे चाळीस वर्षं ज्याच्यात कारण शोधलं, त्याच्यात अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं मागच्या बाकांवर, खिडकीपाशी, दाराजवळ उभं होतं. छळणारा मुलगा वेड्यासारखा कुणावरही हात टाकत नाही. ज्याच्यासाठी कुणी उठणार नाही, असाच तो निवडतो.

इथे आपल्याकडचं एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाह्य फरकाला महत्त्व नाही, हा ऑल्व्हेउस यांचा निष्कर्ष 1970 च्या सुमाराच्या स्वीडिश शाळेतला आहे, जिथली मुलं एकमेकांसारखीच होती. पुढच्या संशोधनात लठ्ठ मुलांना, अपंग मुलांना धोका जास्त असल्याचं दिसलं. युनेस्कोच्या जागतिक अहवालातही मुलांनी स्वतः सांगितलेलं पहिलं कारण दिसण्याचं आहे आणि त्याखालोखाल वंश, देश, रंगाचं. आणि आपल्याकडे तर जात आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळं, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. तो तुकडा शाळेतला शिपाईसुद्धा शिवत नसे, म्हणून तो रोज घरी न्यायचा आणि परत आणायचा. तिथे कुणाला बळी निवडावा लागत नव्हता. जन्मानंच निवड झालेली होती. पण त्या वर्गाची रचना पाहिली की सालमिवाल्लींचा शोध आणखीच खरा वाटू लागतो. या मुलाच्या शेजारी कुणी बसू नये, हा तिथला नियमच होता. आजही एखाद्या मुलाचं आडनाव, बोली किंवा वस्ती कळल्यावर त्याच्या बाकावरची जागा रिकामी होऊ लागली, तर तो मुलगा गप्प का राहतो याचा अभ्यास त्याच्या स्वभावापासून सुरू करणं हा अन्याय आहे.

फिनलंडनं या शोधाचा पुढचा टप्पा सरकारी पैशानं गाठला. 2006 मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयानं तुर्कू विद्यापीठाला कार्यक्रम आखायला सांगितलं. त्याचं नाव ‘कीवा’. 78 शाळांतल्या 8,237 मुलांवर त्याची नीट चाचणी झाली, फायदा दिसला, आणि 2009 पासून तो देशभर गेला. त्यात वर्गासाठी धडे आहेत, नाटुकली आहेत, संगणकावरचे खेळ आहेत. छळाचा प्रसंग समोर आला की शाळेतला ठरलेला शिक्षकगट दोन्ही बाजूंच्या मुलांशी बोलतो. त्याशिवाय वर्गशिक्षक दोन ते चार मुलं निवडतात. ज्यांचं वर्गात वजन आहे, जी मनानं चांगली आहेत, अशी. आणि त्यांना सांगतात, याच्या सोबत राहा. ऑल्व्हेउस यांना 900 मुलांच्या नोंदींत जे नसलेलं दिसलं होतं, ते इथे मुद्दाम घडवून आणलं जातं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. पण कीवातूनच एक नवं कोडं निघालं. ज्या वर्गांतला छळ खूप कमी झाला, तिथे तरीही जी थोडी मुलं सोसत राहिली, ती इतर वर्गांतल्या सोसणाऱ्या मुलांपेक्षा जास्त खचलेली दिसली. 2019 साली क्लेर गारांडो आणि सालमिवाल्ली यांनी या उलट्या परिणामाची मांडणी केली. चहूकडे मुलं मार खात असतील तर एखादं मूल म्हणू शकतं, ही शाळाच वाईट आहे. सगळा वर्ग चांगला झाला आणि आपल्यालाच त्रास होत राहिला, तर त्याच्यापाशी एकच उत्तर उरतं: माझ्यातच काहीतरी खोट आहे. शिवाय आपल्यासारखंच सोसणारं, ज्याच्याशी मैत्री होऊ शकली असती, असं दुसरं कुणी वर्गात उरलेलं नसतं.

नेदरलँड्समध्ये कीवा राबवलेल्या शाळांतली अशी उरलेली मुलं संशोधकांनी शोधून काढली. ती जास्त बुजरी होती, वर्गाला जास्त नकोशी होती, आणि त्यांचं घरी आईबापांशी असलेलं नातंही इतरांपेक्षा कमकुवत होतं. वर्गात असं एकच मूल असेल तर ते शाळेच्या सरासरीत दिसत नाही. अहवालात त्या वर्गापुढे ‘सुधारणा’ असं लिहिलं जातं आणि मोहीम पुढच्या शाळेकडे निघून जाते. म्हणून या अभ्यासकांचं आता शाळांना सांगणं आहे की आकडा उतरला म्हणून थांबू नका. उरलेली मुलं कोण आहेत ते नावानिशी शोधा, आणि मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर डबा खातात ते पाहा.